मंगळवारचे मासे

कॅझ बिएलाकचा देवावर विश्वास होता, बगळ्यांवर होता, आणि तिथंच तो संपत होता. बगळे म्हणजे पोर्ट हॅलमची बेसबॉलची टीम. टोपीवर एका पायावर उभा असलेला बगळा, म्हणून सगळं गाव त्यांना बगळेच म्हणायचं. बाकी दूधवाला, विमेवाला, टीव्हीवर हवामान सांगणारा माणूस, चर्चमधले नवे फादर, कुणीही काही बोललं की कॅझ आधी एक डोळा बारीक करायचा. हा असं का म्हणाला असेल, हे त्याचं पालुपद. त्याची बायको लिओना म्हणायची, याला कुणी सकाळी नमस्कार केला तरी हा आभाळाकडे बघून सकाळच आहे ना, याची खात्री करून घेतो.

चर्चच्या कोपऱ्यावरचा बार त्याच्या बापानं काढलेला. खाली बार, वर घर, आणि मागच्या अंगणात एक जुनी शाळेची बस. बसला निळा रंग दिलेला आणि बाजूला लिओनानं काढलेला बगळा. तो बदकासारखा दिसायचा, पण तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. बारचा सगळा जीव या बसमध्ये होता. स्टेडियमवर गाडी लावायची तर तिथं कातडी सोलून घेतात; म्हणून मॅचच्या दिवशी लोक गाड्या कॅझच्या गल्लीत लावत, दोन बिअर घेत, सॉसेज खात आणि त्याच्या बसनं मैदानावर जात. बस फुकट. पण चढायच्या आधी आणि उतरल्यानंतर माणूस कोरडा थोडाच राहतो? उन्हाळाभर हे चालायचं आणि त्या कमाईवर हिवाळा निघायचा. हिवाळ्यात शुक्रवार सोडला तर बारमध्ये चिटपाखरू नसे. शुक्रवारी चर्चच्या रिवाजानं मांस वर्ज्य, म्हणून मासे तळायचे, बटाट्याची धिरडी करायची, की गल्ली पोटभर जेवून जायची. इतर दिवशी म्हातारा नॉर्ब टीव्हीखाली बसून डुलक्या काढायचा, तेवढीच काय ती वर्दळ.

त्या हिवाळ्यात गावात दुसरा विषय नव्हता. बगळ्यांचा मालक म्हणत होता की हे स्टेडियम जुनं झालं, सरोवराच्या काठी नवं बांधून द्या, तेही लोकांच्या पैशानं, नाहीतर टीम घेऊन मी दक्षिणेत चाललो. विक्रीकर थोडा वाढवायचा आणि त्यातून बांधायचं, असं घाटत होतं. फेब्रुवारीत जिल्हा मंडळ मत देणार होतं. गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांतून 'बगळे इथंच राहतील' अशा पाट्या लागल्या होत्या. पहिली पाटी अर्थातच कॅझची.

खरं म्हणजे आताचं स्टेडियम बांधलं तेव्हा याच खिडकीत त्याच्या बापानंही अशीच पाटी लावली होती. तेव्हाही सांगितलं होतं की हॉटेलं येतील, दुकानं येतील, रस्त्याचं सोनं होईल. आलं काय, तर एक टायरचं दुकान, आणि तेही पुढे बंद पडलं. त्या स्टेडियमचं कर्ज गाव अजून फेडतच होतं. हे सगळं कॅझला तोंडपाठ होतं. पण जो माणूस सुट्टे पैसे उन्हात धरून बघायचा, तो इथं मात्र आंधळा. मालक चोर असेल, म्हणायचा, पण बगळे आपले आहेत.

त्याच्या डोक्याला घोर होता तो वेगळाच. सरोवराकाठचा रस्ता अरुंद. सगळ्या बारच्या बस नव्या मैदानापर्यंत जाऊ शकणार नव्हत्या. थोड्यांनाच थांबा मिळणार, आणि कुणाला तो द्यायचा हे म्हणे अभ्यास करून ठरणार होतं. थांबा नाही तर बस नाही, आणि बस नाही तर बापाच्या बारला कुलूप. अभ्यास हा शब्द ऐकला आणि कॅझच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अभ्यास म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं त्याला कळत होतं.

आणि जानेवारीतल्या एका मंगळवारी मिस टॅलबट नावाची एक अनोळखी बाई बारमध्ये आली. राखी कोट, आखूड केस, चेहऱ्यावर गावातला कुणीही ओळखीचा नसल्याची शांतता. तिनं सूप आणि ब्रँडी मागितली आणि कोपऱ्यात बसून रिकाम्या स्टुलांवरून नजर फिरवत राहिली. नॉर्ब घोरत होता. ती बराच वेळ बसली, टीव्हीकडे एकदाही पाहिलं नाही, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येईन म्हणून उठून गेली. कॅझ खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिची गाडी तिकडे पुढच्या चौकातून, रोली शिमेकच्या बारसमोरून आली होती, हे त्यानं आधीच हेरून ठेवलं होतं.

आता ही कोण, याचं उत्तर त्याला लगेच सापडलं. कॉलेजातले प्रोफेसर त्या दिवसांत पेपरात लिहीत होते की स्टेडियममुळे आसपासच्या लोकांचं काही भलं होत नाही, माणूस मॅचला घालवतो तेच पैसे एरवी सिनेमाला किंवा हॉटेलात घालवतो. ही त्यांचीच माणूस. रिकामे बार टिपायला आली. स्टेडियम एवढं जवळ असून बारमध्ये एक म्हातारा घोरतोय, असं लिहिलं की झालं. मंडळ नाही म्हणणार, बगळे दक्षिणेत जाणार, आणि आपण बसमध्ये कोंबड्या पाळायच्या. तिला गर्दी दाखवायची, असं त्यानं ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं लिओनाला सांगितलं की पुढच्या मंगळवारी मासे तळायचे, आणि फुकट वाटायचे.

लिओना हातातलं फडकं तसंच धरून बघत राहिली. आजवर या गल्लीत मंगळवारी कुणी मासे तळले नव्हते. शुक्रवारचे मासे म्हणजे शुक्रवारचेच. तिच्या सासूनं लढाईच्या दिवसांतसुद्धा वार मोडला नव्हता. लोक म्हणतील बिएलाकांचं डोकं फिरलं, असं ती म्हणाली. पण फुकट म्हटल्यावर लोकांना वार कशाला आठवतो? मंगळवारी संध्याकाळी बार फुलून गेला. कॅझचे स्वतःचे पुतणे, भाचे, चर्चचं गायनमंडळ, एवढंच काय, रोलीची रोजची माणसंसुद्धा दारातून हळूच आत शिरली. फादर आले, दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाले की मंगळवारबद्दल चर्चची काही हरकत नाही. मिस टॅलबट आली तेव्हा तिला बसायला जागा करून द्यावी लागली. कॅझला इतका आनंद झाला की तो तिच्याशी चक्क हसून बोलला, आणि तिच्या सुपाचे पैसे तेवढे त्यानं नेमके घेतले, म्हणजे शंका नको.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी तर रोली स्वतःच आला. गोल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा, कॅझच्याच शाळेतला. माझ्याकडे आज कुणीच नाही, म्हटलं इथंच बसावं, असं तो म्हणाला आणि ताट घेऊन बसला. कॅझला क्षणभर कसंनुसं झालं. पण मग त्याला वाटलं, हा बघायला आलाय की आपलं काय शिजतंय. मग ते कसंनुसंही गेलं.

त्याच संध्याकाळी लिओना धिरड्यांचं ताट घेऊन मिस टॅलबटच्या टेबलाशी गेली आणि बराच वेळ तिथं रेंगाळली. कॅझ दुरून बघत होता आणि त्याच्या हातून बिअर सांडत होती. ती स्वयंपाकघरात परतताच तो मागोमाग गेला.

"काय बोलत होतीस तिच्याशी?"

"विचारलं, बाई तू कोण म्हणून."

"असं सरळ विचारलंस?"

"मग? तोंड दिलंय देवानं. ती स्टेडियम बांधणाऱ्या कंपनीकडून आलीय. कुठला बार मॅचवर जगतो आणि कुठला एरवीही चालतो, ते बघतेय. जे मॅचवाचून बुडतील त्यांना बसचा थांबा मिळणार."

कॅझ हसला. "हे तिनं सांगितलं आणि तुला पटलं."

"खोटं कशाला बोलेल ती?"

"हेरगिरी करणारा माणूस गळ्यात पाटी अडकवून येतो का, लिओना? तुझ्या तोंडून काढून घ्यायचं असेल की मंगळवारी इथं माशी बसत नाही."

"पण नाहीच बसत ना," लिओना म्हणाली. "तिला सांगून टाक, कॅझ. आत्ता जा आणि सांग."

ती एवढं कळवळून क्वचितच बोलायची. कॅझच्या मनात आलं की हिला त्या बाईनं काय पाजलंय कोण जाणे. तो बाहेर गेला आणि नॉर्बला म्हणाला की पुढच्या मंगळवारी तुझी अकॉर्डियनची पेटी घेऊन ये. मग पुढच्या मंगळवारी नॉर्बनं पेटी वाजवली, लोकांनी टेबलं सरकवून पोल्का नाच केला, आणि मिस टॅलबटला आपलं सूप उभ्यानं प्यावं लागलं.

सुनावणीच्या दिवशी जिल्हा मंडळाचं सभागृह बगळ्यांच्या टोप्यांनी भरलं होतं. गल्ली झाडून आली होती. बोलायला कॅझचं नाव बरंच वर होतं. त्यानं चर्चचा सूट घातला होता. माझ्या बारमध्ये ऐन हिवाळ्यात मंगळवारीसुद्धा पाय ठेवायला जागा नसते, ही बगळ्यांची कृपा, असं त्यानं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. खाली बसताना लिओनाकडे पाहिलं तर ती आपल्या हातमोज्यांकडे बघत होती.

मग अध्यक्षबाईंनी स्टेडियमच्या बांधकाम कंपनीच्या बाजूनं बोलायला मिस टॅलबटचं नाव पुकारलं.

ती फार बोलली नाही. बिएलाकांचा बार मॅच नसतानाही भरलेला असतो, असं आपण स्वतः पाहिलं, असं तिनं सांगितलं. मिस्टर बिएलाकनी आत्ताच त्याला दुजोरा दिला आहे. त्यांना थांब्याची गरज नाही. रोली शिमेकांचा बार मात्र आपण गेलो तेव्हा दर वेळी ओस पडलेला होता. तो मॅचच्या दिवसांवरच जगतो, तेव्हा त्या भागाचा थांबा त्यांना द्यावा.

कॅझ उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"ती गर्दी खरी नव्हती," तो म्हणाला. "मी फुकट मासे घातले. म्हणून आले सगळे."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. मघाशी आपणच उलट सांगितलंत, असं त्या म्हणाल्या, आणि कॅझ म्हणाला की मघाशी मी खोटं बोललो. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं, की ही पाहणी खोटी ठरली तर ती पुन्हा करावी लागेल. मग आज मत घेता येणार नाही, आणि मालकानं दिलेली मुदत तर याच आठवड्यात संपते आहे. मग त्यांनी सगळ्या सभागृहाकडे पाहिलं.

"मिस्टर बिएलाकच्या बारमध्ये ज्यांनी फुकट मासे खाल्ले, त्यांनी कृपा करून हात वर करावा."

कॅझनं मागे वळून पाहिलं. सगळेच होते की. पुतणे होते, गायनमंडळ होतं. नॉर्ब टोपी मांडीवर घेऊन तिच्यावरचा बगळा चोळत होता. फादर छताकडे बघत होते, जणू तिथं काही लिहिलंय. रोली कॅझच्या पुढच्याच रांगेत होता. त्याची मान तेवढी लाल झालेली दिसली. बगळे राहणार की जाणार, हे आता एका हातावर आलं होतं, आणि त्या माणसांत हात वर करणारा कोण निघणार? कॅझ त्यांच्या जागी असता तर त्यानंही केला नसता, हे त्याला तिथंच उभ्याउभ्या कळलं.

एकच हात वर झाला, राखाडी हातमोज्यातला.

"मासे मी तळले," लिओना म्हणाली.

अध्यक्षबाई तिच्याकडे बघून मायेनं हसल्या. नवऱ्याच्या बाजूनं बायको बोलणारच, आपण समजू शकतो, असं म्हणून त्यांनी पुढचं नाव घेतलं. दुपारी मत झालं आणि स्टेडियम मंजूर झालं. टोप्या उडाल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. बगळे राहिले म्हटल्यावर कॅझचेही हात आपोआप टाळ्या वाजवायला लागले होते. लिओनानं ते धरून खाली केले.

बाहेर व्हरांड्यात मिस टॅलबट कोटाची बटणं लावत होती. कॅझ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तीच आधी बोलली.

"मला माहीत होतं."

"काय?"

"मासे फुकट होते ते. इतक्या वेळा आले, जेवणाच्या पैशांसाठी तुमचा गल्ला फक्त माझ्यासाठी उघडायचा."

"मग सांगितलं का नाहीत?"

"किती माणसं बसलेली असतात, एवढंच मला बघायला सांगितलं होतं. पैसे कोण देतं हे कुणी विचारलं नाही." तिनं शेवटचं बटण लावलं. "नव्या स्टेडियमच्या आत कंपनीचे स्वतःचे बार निघणार आहेत, मिस्टर बिएलाक. बाहेरच्या बस जितक्या कमी, तितकी आतली गिऱ्हाइकं जास्त. माझी कंपनी तक्रार करणार नव्हती."

"आणि हे आता मला का सांगताय?"

"तुम्ही विचारलंत म्हणून. तुमच्या बायकोनं विचारलं तेव्हा तिलाही खरंच सांगितलं होतं. त्यानंतर मला वाटलं होतं तुम्ही येऊन बोलाल. तुम्ही पेटीवाला आणलात."

ती जिना उतरून गेली. कॅझला तिचा राग धरायचा होता, पण धरायला हाताशी काही लागेना. बाई खोटं एक अक्षर बोलली नव्हती. खोटं जेवढं होतं तेवढं सगळं त्यानंच तळून तिच्यासमोर वाढलं होतं.

संध्याकाळी सगळी गल्ली कॅझच्याच बारमध्ये लोटली. विजय साजरा करायला जाणार कुठं? सभेत मान खाली घालून बसलेले सगळे आता त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तू मोठ्या मनाचा, बगळ्यांसाठी एवढं सोसलंस, असं पुतण्यानं म्हटलं, आणि कॅझला त्याच्या डोक्यावर बिअर ओतावीशी वाटली. नॉर्बनं सवयीनं विचारलं की आज मासे फुकट नाहीत का. लिओनानं त्याच्यासमोर हात पसरला आणि पैसे मिळेपर्यंत तो मागे घेतला नाही.

गर्दी जरा ओसरली तेव्हा रोली काउंटरशी आला. इकडचं तिकडचं बोलला, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाला की थांबा मिळाला खरा, पण माझी बस तर गेल्या वर्षीच भंगारात गेली. तुझ्याकडे बस आहे. तुझ्याइतका रस्ताही कुणाला ठाऊक नाही. तू चालवशील का?

"सुटणार कुठून?" कॅझनं विचारलं.

"माझ्या दारातून. थांबा माझ्या नावावर आहे, कॅझ. मी तरी काय करू."

कॅझचा डोळा आपसूक बारीक झाला. हा असं का म्हणाला असेल? दया येतेय, की खिजवतोय, की आणखी काही आहे यामागं? तो रोलीच्या गोल चेहऱ्यावर शोधत राहिला. लिओना ग्लास पुसता पुसता म्हणाली, "विचार त्याला."

मग कॅझनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच, समोरच्याच्या तोंडावर, आडपडदा न ठेवता.

"रोली, हात का वर केला नाहीस?"

रोलीनं रुमालाची घडी केली. उलगडली. पुन्हा केली.

"माझा बार बुडत होता म्हणून," तो म्हणाला. "आणि मंगळवारी तू माझी माणसं नेलीस तेव्हा तुझाही हात आखडला नव्हता."

कॅझचा सगळा जन्म ज्याच्या त्याच्या बोलण्याखाली काय दडलंय ते शोधण्यात गेला, आणि हे उत्तर असं होतं की त्याच्याखाली काहीच नव्हतं. त्यानं खुंटीवरची किल्ली काढून खिशात टाकली. चालवीन म्हणाला.

नवं मैदान तयार झालं त्या एप्रिलात, पहिल्या मॅचच्या दिवशी, कॅझनं बस अंगणातून काढली आणि पुढच्या चौकात रोलीच्या दारासमोर आणून उभी केली. रोलीकडे बाहेरपर्यंत रांग होती. गल्लीभर गाड्या लागल्या होत्या, सॉसेजचा धूर येत होता. आरशात कॅझला स्वतःचा बार दिसत होता, आणि दारात हातावर फडकं टाकून उभी असलेली लिओना. माणसं एकेक करून चढली. काहींनी त्याला टोपी काढून नमस्कार केला, काही नुसतेच पुढे सरकले. सगळ्यात शेवटी नॉर्ब आला. त्याच्या मिशीला बिअरचा फेस लागला होता. तो पायरीवर थांबला, कॅझच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच्या आवाजात खरीखुरी हळहळ होती.

"तुझ्याकडेच आलो असतो, कॅझ," तो म्हणाला, "पण बस इथून सुटते ना."

कॅझनं दार लावलं आणि बस काढली.